कुत्र्यांचे संसर्गजन्य अर्बुद आणि सदाफुली

कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर होणारे संसर्गजन्य अर्बुद हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा कर्करोग आहे. त्यामागे विषाणू नाही की जिवाणू नाही. कर्कपेशीच एका शरीरातून निघून दुसऱ्या शरीरात रुजतात आणि तेथे वाढू लागतात. मिलनाच्या वेळी नर आणि मादी बराच वेळ एकमेकांत अडकून राहतात. त्यात नाजूक त्वचा खरचटते आणि गाठीवरून सुटलेल्या जिवंत पेशींना नवी जागा मिळते. हुंगण्या-चाटण्यातूनही हा रोग जातो. म्हणूनच काही कुत्र्यांमध्ये गाठ नाकात किंवा तोंडात आढळते, आणि अशा रुग्णांत नरांचे प्रमाण माद्यांच्या चार-पाच पट असते. पशुवैद्यांच्या रोजच्या बोलण्यात या रोगाला नुसते ‘टीव्हीटी’ म्हणतात.

गाठ सुरुवातीला मसुराच्या दाण्याएवढी असते. पुढे ती फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत, लालसर आणि ठिसूळ होते. बोट लागले तरी रक्त येते. मादीच्या योनीतून थेंब थेंब रक्त पडत असते आणि घरच्या माणसांना वाटते, कुत्री माजावर आली आहे. नरात गाठ शिश्नाच्या आवरणाआड दडलेली असल्याने ती आणखी उशिरा ध्यानात येते. निदान मात्र फार सोपे आहे. गाठीवर काचपट्टी हलकेच दाबायची, वाळवायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. गोल पेशी, मध्ये ठसठशीत केंद्रक आणि भोवतालच्या पेशीद्रवात ओळीने मांडल्यासारखे पारदर्शक बुडबुडे दिसले की सरावलेल्या नजरेला शंका उरत नाही. रोग शरीरात दूरवर पसरणे क्वचितच घडते.

या रोगाची लेखी नोंद दोनशे वर्षांहून जुनी आहे. लंडनमधील पशुवैद्य डेलाबेर ब्लेन यांनी १८१० साली कुत्र्यांच्या जननेंद्रियांवरील अळंबीसारख्या वाढीचे वर्णन केले. त्यानंतर दहाच वर्षांनी फ्रान्समध्ये युझार यांनीही तसेच वर्णन केले. त्या काळी पेशी हे शरीराचे मूळ एकक आहे हीच कल्पना अजून रुजलेली नव्हती. त्यामुळे ही वाढ म्हणजे बिघडलेल्या रक्ताचे लक्षण, की गुप्तरोगासारखी काही लागण, हे ठरवण्याचे साधन कोणाच्याच हाती नव्हते.

ते साधन पहिल्यांदा वापरले मस्तिस्लाव नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने. सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यकीय-शल्य अकादमीत काम करताना त्यांनी १८७६ साली एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा काढून तो तरुण कुत्र्यांच्या अंगात लावला. बरेच प्रयत्न वाया गेले. पण जे साधले त्यात गाठ नव्या कुत्र्यात रुजली, वाढली, आणि तिथून पुढच्या कुत्र्यातही नेता आली. कर्करोगाची गाठ एका प्राण्यातून दुसऱ्यात यशस्वीपणे लावल्याचे हे इतिहासातले पहिले उदाहरण मानले जाते. कर्करोग प्रयोगशाळेत वाढवून, टप्प्याटप्प्याने पाहून अभ्यासता येतो, ही आजच्या कर्करोग संशोधनाची पायाभूत गोष्ट त्यातून सिद्ध झाली. तरी नोविन्स्की यांचे नाव पुढची सत्तर वर्षे रशियाबाहेर जवळजवळ कोणाला ठाऊक नव्हते. प्रबंध रशियन भाषेत होता, विषय कुत्र्यांचा होता आणि लिहिणारा पशुवैद्य होता. विसाव्या शतकाच्या मध्याला सोव्हिएत कर्करोगतज्ज्ञ शबाद यांनी त्यांचे चरित्र लिहून हे काम पुन्हा उजेडात आणले. माणसांच्या वैद्यकाने पशुवैद्यकाकडे पाठ फिरवल्याचे नुकसान किती मोठे असते, ते या एका उदाहरणावरून कळते.

दरम्यान, १८९०च्या दशकात लंडनमध्ये बेलिंगहॅम स्मिथ आणि वॉशबर्न यांनी, तर १९०४ ते १९०६ या काळात जर्मनीत आंतोन स्टिकर यांनी याच गाठीवर स्वतंत्रपणे प्रयोग केले. स्टिकर यांचे काम इतके तपशीलवार होते की पुढे कित्येक दशके या रोगाला ‘स्टिकरचा सार्कोमा’ म्हटले गेले. त्यांना आढळले की जिवंत पेशी लावल्या तरच गाठ धरते. पेशी मेल्या की लागणही संपते. कोल्ह्यातही ही गाठ रुजते, पण मांजर, ससा अशा दूरच्या प्राण्यांत नाही. तरीही वाद मिटला नाही. न्यूयॉर्कमधील काही विकृतिशास्त्रज्ञ याला खरा कर्करोग मानायलाच तयार नव्हते. त्यांच्या मते ती जंतुसंसर्गाने उठलेली सूज होती. शिवाय १९११ साली पेटन राउस यांनी कोंबड्यांचा एक सार्कोमा विषाणूमुळे होतो असे दाखवले, तेव्हा कुत्र्यांच्या गाठीतही असाच विषाणू दडलेला असावा असे वाटणे स्वाभाविक होते. तो शोधूनही सापडला नाही. १९५२ साली कार्लसन आणि मान यांनी ही गाठ कुत्र्यामागून कुत्र्यात अशी ओळीने ४० पिढ्या चालवल्याचे प्रसिद्ध केले. चाळिसाव्या पिढीतही गाठीचे रूप बदललेले नव्हते.

निर्णायक पुरावा गुणसूत्रांनी दिला. कुत्र्याच्या प्रत्येक पेशीत ७८ गुणसूत्रे असतात. या गाठीच्या पेशींत ती साधारण ५७ ते ६४ इतकीच भरतात, आणि त्यातली बरीच एकमेकांना जोडली गेल्याने वेगळ्याच आकाराची झालेली असतात. १९६०च्या दशकात वेगवेगळ्या देशांतील गाठी तपासल्या गेल्या तेव्हा हीच मोडतोड जवळपास सगळीकडे दिसली. प्रत्येक कुत्र्यात कर्करोग नव्याने उपजला असता तर इतकी सारखी मोडतोड दूरदूरच्या कुत्र्यांत दिसण्याचे कारण नव्हते. २००६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील क्लाउडिओ मुर्जिया, रॉबिन वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, केनिया, इटली आणि इतर देशांतील कुत्र्यांच्या गाठींचा डीएनए त्या त्या कुत्र्याच्या रक्ताशी ताडून पाहिला. गाठ ज्या कुत्र्याच्या अंगावर होती त्याच्याशी तिचे नाते जुळत नव्हते; खंडाखंडांतल्या गाठी मात्र एकमेकींच्या सख्ख्या निघाल्या. याचा अर्थ असा की जगातली प्रत्येक टीव्हीटी ही कधी काळी जगलेल्या एकाच कुत्र्याच्या पेशींची संतती आहे. तो कुत्रा केव्हाच मेला, पण त्याच्या शरीरातून निघालेली एक वाट चुकलेली पेशी विभागत विभागत अजून जिवंत आहे.

तो कुत्रा केव्हा होऊन गेला, याचे उत्तर मिळायला आणखी काही वर्षे लागली. केंब्रिजच्या संशोधक एलिझाबेथ मर्चिसन या मूळच्या टास्मानियाच्या. तिथल्या ‘टास्मानियन डेव्हिल’ या प्राण्यांमध्ये १९९६ साली प्रथम दिसलेला, चावण्यातून पसरणारा चेहऱ्याचा कर्करोग हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता; निसर्गात सस्तन प्राण्यांमध्ये आढळणाऱ्या संसर्गजन्य कर्करोगांची उदाहरणे फार मोजकी आहेत. २०१४ साली त्यांच्या गटाने दोन गाठींचा पूर्ण जनुकसंच वाचला. एक ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्तीवरच्या कुत्र्याची, दुसरी ब्राझीलमधील कॉकर स्पॅनिअलची. त्यांत १९ लाखांच्या आसपास बदल साठलेले होते आणि सहाशेहून अधिक जनुके गळून गेलेली होती. माणसाच्या बहुतेक कर्करोगांत अशा बदलांचा आकडा हजारांत असतो. त्यावरून मूळ कुत्रा ११,००० वर्षांपूर्वीचा असावा असा तेव्हाचा अंदाज होता. २०१९ साली ४३ देशांतील ५४६ गाठींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हा काळ ४,००० ते ८,५०० वर्षांवर आला. उगमस्थान आशियात ठरले. ज्ञात कर्करोगांपैकी इतका दीर्घायुषी वंश दुसरा नाही.

या अभ्यासाचे खरे मोल वयाच्या आकड्यात नाही, प्रवासाच्या नकाशात आहे. हजारो वर्षे ही गाठ आशियातल्या मर्यादित प्रदेशात राहिली. गेल्या दोन हजार वर्षांत ती बाहेर पडू लागली, सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपीय जहाजांबरोबर अमेरिकेत पोहोचली आणि तिथून पुन्हा जहाजांनीच आफ्रिकेत व इतरत्र गेली. व्यापार, वसाहती आणि गुलामांची ने-आण यांच्या मार्गांवर गलबतांवरची कुत्री होती, आणि त्या कुत्र्यांच्या अंगावर ही गाठ होती. माणसांच्या त्या काळाचा इतका बारीक माग कुत्र्यांच्या एका रोगात सापडावा, हे थक्क करणारे आहे. गाठ कित्येकदा शरीराबाहेर उघडी पडत असल्याने तिच्या डीएनएवर उन्हाच्या अतिनील किरणांच्या खुणाही उमटतात, आणि विषुववृत्ताजवळच्या गाठींत त्या अधिक आढळतात.

२०१८ साली आणखी एक नाते पुढे आले. युरोपीय येण्यापूर्वी अमेरिका खंडात मूळ रहिवाशांची स्वतःची कुत्री होती. वसाहतीनंतर त्यांचा वंश जवळजवळ संपला. त्या नष्ट झालेल्या कुत्र्यांच्या हाडांतला डीएनए तपासल्यावर त्यांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक कोणतीही आधुनिक जात निघाली नाही. तो निघाला हा कर्करोग. दोघांचे मूळ आशियातल्या एकाच प्राचीन कुत्र्यांच्या कुळात होते.

इतकी वर्षे परक्या शरीरांत राहायचे तर रोगप्रतिकारक शक्तीची नजर चुकवावी लागते. पेशीच्या पृष्ठभागावर ‘ही आपली की परकी’ हे सांगणारी प्रथिने असतात. टीव्हीटीच्या पेशी वाढीच्या काळात ती जवळजवळ दाखवतच नाहीत, आणि भोवतालच्या संरक्षक पेशींना शांत करणारे टीजीएफ-बीटा हे द्रव्य स्रवतात. पण ही लबाडी कायमची टिकत नाही. निरोगी प्रौढ कुत्र्यात काही महिन्यांनी पांढऱ्या पेशी गाठीत शिरू लागतात, लपलेली प्रथिने पुन्हा उघडी पडतात आणि प्रयोगातल्या पुष्कळ कुत्र्यांमध्ये गाठ आपोआप विरून गेली. एकदा बऱ्या झालेल्या कुत्र्याला सहसा पुन्हा लागण होत नाही. अशक्त, आजारी किंवा फार लहान कुत्र्यात मात्र ती वाढत राहते. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये तर ती आपोआप बरी होण्याची वाट पाहणे धोक्याचे, कारण तोवर ती इतरांना लागत असते आणि रक्तस्राव व जंतुसंसर्गाने जनावर खंगत असते.

उपचारांचा जुना मार्ग शस्त्रक्रियेचा. लहान, एकटी गाठ कापून काढता येते. पण जखमेत राहिलेल्या किंवा कापताना पसरलेल्या पेशींतून ती पुन्हा उगवण्याचे प्रमाण मोठे आहे. क्ष-किरणांनी ती उत्तम जळते, मात्र कुत्र्यांसाठी किरणोपचाराचे यंत्र जगात फार थोड्या ठिकाणी असते. रोगाचे माहेरघर असलेल्या देशांत तर ते क्वचितच. उपाय आला तो एका अगदी ओळखीच्या झाडाकडून.

सदाफुली मूळची मादागास्करची. महाराष्ट्रात ती अंगणात, कुंपणाशी, देवळाच्या आवारात पाणी घालणारे कोणी नसले तरी बारमाही फुलते. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देण्याची लोकरीत भारतात आहे, तशीच जमैकातही होती. १९५०च्या दशकात जमैकातून थोडी पाने कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली आणि त्यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात सोपवली. प्राण्यांवर प्रयोग झाले. रक्तातली साखर उतरली नाही, पण प्राणी जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. ज्या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात, ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर का चालू नये, हा विचार नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी लावून धरला आणि १९५८ साली व्हिनब्लास्टीन वेगळे केल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास एलाय लिली कंपनीतही सदाफुलीवर काम चालले होते. तिथे त्याचेच भावंड असलेले व्हिनक्रिस्टीन मिळाले आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते.

व्हिनक्रिस्टीन पानांत अत्यल्प असते. टनभर सुकलेल्या पानांतून ते काही ग्रॅमच निघते. म्हणून ते दीर्घकाळ महाग आणि परदेशी राहिले. १९८०च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सिप्ला कंपनीच्या सहकार्याने सदाफुलीच्या पानांतून ही दोन्ही औषधे काढण्याची पद्धत देशातच विकसित केली. प्रयत्न माणसांच्या रुग्णांसाठी होता. पण औषध देशात तयार होऊ लागल्याचा फायदा पशुवैद्यकालाही झाला, आणि तो रास्तच होता.

कुत्र्यांच्या या गाठीवर औषधे वापरण्याची पद्धत १९८०च्या आगेमागे बसली. आधी व्हिनक्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड आणि मेथोट्रेक्सेट यांचे मिश्रण देत. १९८२ साली कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी एकट्या व्हिनक्रिस्टीनचा परिणाम प्रसिद्ध केला. १९९० साली तिन्ही औषधे वेगवेगळी देऊन तुलना झाली, तेव्हा गुण फक्त व्हिनक्रिस्टीनचा असल्याचे दिसले. बाकीची दोन विनाकारण दिली जात होती. तेव्हापासून हेच पहिले औषध ठरले.

मात्रा किती लहान असते ते पाहण्यासारखे आहे. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला आठवड्यातून एकदा साधारण पाव मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरच्या कुपीतला चौथा हिस्सा. पुढच्या पायाचे केस कापून शिरेत आधी सुई नीट बसवतात, सलाइन सहज जाते की नाही ते पाहतात, मगच औषध हळूहळू सोडतात आणि पुन्हा सलाइनने नळी धुतात. हा सावधपणा अत्यावश्यक असतो. औषधाचा थेंब शिरेबाहेर मांसात गेला तर तिथली कातडी आणि स्नायू सडतात आणि जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. औषध देणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि कुत्र्याच्या लघवी-विष्ठेला काही दिवस उघड्या हातांनी हात लावू नये, हेही तितकेच खरे. दर खेपेला आधी रक्त तपासून पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत ना ते पाहतात. कमी असतील तर मात्रा पुढे ढकलतात. उलट्या, मंद भूक, बद्धकोष्ठ हे त्रास होतात, पण बहुतेक कुत्री ते सोसतात. कोली आणि तिच्या जवळच्या काही जातींमध्ये एका जनुकदोषामुळे हे औषध शरीरात साठून विषारी ठरू शकते, म्हणून तिथे मात्रा घटवावी लागते.

परिणाम बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतो. रक्त थांबते, गाठ आक्रसते, वास जातो. चार ते आठ मात्रांत नव्वद टक्क्यांहून अधिक कुत्री पूर्ण बरी होतात. प्रगत कर्करोगावर एकाच औषधाने इतका निखळ गुण येणे वैद्यकात फार विरळ. गाठ मोठी असेल, कुत्रा वयस्क असेल किंवा उपचार उष्ण आणि पावसाळी महिन्यांत चालू असेल तर बरे व्हायला जास्त वेळ लागतो, असे ब्राझीलमधील पाहणीत आढळले आहे. गाठ डोळ्यांना दिसेनाशी झाली म्हणून औषध मध्येच थांबवले तर मात्र उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात, आणि त्या वेळी त्या औषधाला दाद देतीलच असे नाही. अशा हट्टी गाठींसाठी डॉक्सोरुबिसिन हे दुसरे औषध तीन आठवड्यांच्या अंतराने देतात.

हा गुण इतका चांगला का येतो, याचे उत्तर २०१८ साली लंडनच्या संशोधकांनी उपचार चालू असलेल्या कुत्र्यांच्या गाठींचे तुकडे ठरावीक अंतराने तपासून दिले. व्हिनक्रिस्टीन पेशीतल्या सूक्ष्म नलिका मोडते आणि विभागणारी पेशी अर्ध्यावर अडकून मरते. हे आधीपासून ठाऊक होते. पण बऱ्या होणाऱ्या गाठींत त्याच वेळी जोरदार दाह उठलेला दिसला, पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या सीसीएल-५ या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले दिसले आणि त्यामागोमाग टी-पेशी व मारक पेशींची गर्दी झालेली दिसली. ज्या गाठी बधल्या नाहीत तिथे हे घडले नव्हते. याचा अर्थ, औषध सुरुवात करून देते आणि बाकीचे काम कुत्र्याचे शरीर करते. आधी आलेल्या २०१९च्या जनुकीय अभ्यासातून आणखी एक गोष्ट समजते. हजारो वर्षांत या कर्करोगाचा स्वभाव फारसा बदललेला नाही. तो अधिक उग्र झालेला नाही, की एकूणात औषधाला टक्कर देण्याइतका चिवटही झालेला नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याला बरे करण्यातली खरी अडचण औषधाची नसते. त्याच कुत्र्याला सहा आठवडे दर आठवड्याला पकडून आणणे किंवा तेवढे दिवस आश्रयस्थानात ठेवणे, ही खरी अडचण असते. त्या काळात बाहेर नवी लागण चालूच राहते. जगातील किमान ९० देशांत हा रोग आजही कायमचा आहे, आणि तो तिथेच आहे जिथे कुत्री मोकळी फिरतात आणि मुक्तपणे मिलन करतात. ब्रिटनमध्ये ब्लेन यांच्या काळी तो सर्रास होता; विसाव्या शतकात नाहीसा झाला. त्यासाठी कोणी मोहीम काढली नव्हती. रस्त्यावर मोकाट कुत्री राहू न देण्याचे नियम आणि पाळीव कुत्र्यांवरील बंधने कडक झाली, तसा रोगाचा मार्गच बंद पडला.

भारतात प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम आले आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या कामाची जबाबदारी महापालिका-नगरपालिकांवर आहे. नियमांचा मुख्य हेतू कुत्र्यांची संख्या आणि रेबीज आटोक्यात आणण्याचा. पण निर्बीजीकरण झालेली कुत्री सहसा मिलन करत नाहीत, त्यामुळे टीव्हीटीचा मुख्य रस्ताही त्यातून अडतो. आधीच गाठ असलेला कुत्रा मात्र निर्बीजीकरणाने बरा होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आलेल्या प्रत्येक कुत्र्याची जननेंद्रिये, नाक आणि तोंड पाहून घेणे आणि गाठ आढळल्यास औषधाच्या मात्रा पूर्ण होईपर्यंत त्याला न सोडणे आवश्यक ठरते. ब्रिटनमध्ये अलीकडे पूर्व युरोपातून, विशेषतः रुमानियातून, दत्तक आणलेल्या भटक्या कुत्र्यांबरोबर हा रोग पुन्हा दिसू लागला आहे. तो कधी न पाहताच तयार झालेल्या तिथल्या पशुवैद्यांच्या संपूर्ण पिढीला आता काचपट्टीवरच्या त्या बुडबुडेदार गोल पेशी नव्याने ओळखायला शिकाव्या लागत आहेत.